रविवारची हजेरी

"फॉर्मची तारीख गेली बघा," वर्गाच्या दारात चप्पल काढणारी बाई मला सांगते. "आता पुढच्या साली. पण ऐकायला बसा की. सर कुणाला उठवत नाहीत."

माझे अर्धे पिकलेले केस आणि हातातली वही बघून तिचा समज झालाय. तो मी मोडत नाही. शेवटच्या बाकावर जाऊन बसतो. बाक अकरावी-बारावीच्या पोरांच्या मापाचा. गुडघे फळीला टेकतात. शेजारच्या गृहस्थांचेही टेकतात, पण त्यांना त्याची सवय झालेली दिसते. ते तिरके, वाटेकडे पाय सोडून बसलेत. बाहेर व्हरांड्यात चपलांचा एकच जोड आहे. बाकी सगळे पायताणासकट आत आलेत.

जानेवारीतला दुसरा रविवार, सकाळचे सव्वादहा. संक्रांत दोन-तीन दिवसांवर आलीय. गाव खंडाळा. लोणावळ्याजवळचं थंड हवेचं नव्हे; हे पुणे-बंगळूर महामार्गावरचं, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचं, एसटीच्या पाटीवर 'पारगाव-खंडाळा' अशा जोडनावानं येणारं तालुक्याचं गाव. खिडकीतून घाट दिसतो आणि त्यावर मुंगीच्या चालीनं चढणारे ट्रक दिसतात. पुण्याकडून साताऱ्याला जाणारी वाहनं घाट चढून जातात, साताऱ्याकडून येणारी बोगद्यातून इकडे उतरतात. डोंगरापलीकडच्या वेळे गावाहून येणारा एक पोरगा त्यामुळे वर्गाला वेळेवर पोचतो आणि घरी जेवायला मात्र कधीच वेळेवर पोचत नाही.

हे कॉलेज आठवडाभर रेग्युलर मुलांचं. रविवारी इथे नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं संपर्क सत्र भरतं. शिकवणाऱ्याला या विद्यापीठाच्या भाषेत 'समंत्रक' म्हणतात. तो शब्द फक्त कागदावर. इथे सगळे 'सर'च म्हणतात. सर माझे जुने स्नेही आहेत आणि मी आज आलोय तो त्यांच्याच बोलावण्यावरून. एरवी ते कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवतात. "तिथं मी पोरांना जागं करतो," असं ते मला फोनवर म्हणाले होते, "इथं जाग्या माणसांना झोप लागू नये एवढं बघतो."

त्याचा अर्थ मला आत्ता कळतोय. भिंतीकडच्या रांगेत निळ्या शर्टाचा, पायात लोखंडी टोकाचे सेफ्टी शूज घातलेला एक जण बसलाय. डोळे तांबारलेले. शिरवळच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून तो थेट इकडे आलाय. मान पुढे जाते, सावरतो, पुन्हा जाते. सर शिकवता शिकवता त्याच्या बाकापर्यंत जातात आणि बाकावर नुसता हात ठेवतात. तो डोळे उघडतो. दोघंही काही बोलत नाहीत.

हजेरी होते. विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक लांबलचक असतो, मालगाडीसारखा. सर तो वाचत नाहीत, आडनावं घेतात. वेळ्याचा पोरगा "प्रेझेंट सर" म्हणतो. बावड्याच्या अंगणवाडीताई "हजर" म्हणतात. माझ्या शेजारचे गृहस्थ बाकातून अंग सोडवून पुरते उभे राहतात, मग "हजर" म्हणतात, मग पुन्हा अंग घडी करून बसतात. त्यांना सगळे 'मेजर' म्हणतात. साताऱ्यात फौजेतून आलेला माणूस कुठल्याही हुद्द्यावरून आला तरी मेजरच. चप्पल काढून आलेली बाई मात्र आडनाव पुकारल्यावर काहीच बोलत नाही, फक्त हात वर करते. तोही खांद्यापर्यंतच.

"आक्का, आवाज," सर म्हणतात.

"हाय की वं," आक्का म्हणतात, आणि वर्ग हसतो.

हसण्याचं कारण मला मेजर कानात सांगतात. आक्का बोरीच्या. सुखेड आणि बोरी ही याच तालुक्यातली दोन गावं. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी मधल्या ओढ्याच्या दोन काठांवर दोन्ही गावांच्या बायका उभ्या राहतात आणि हातवारे करून एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. याला 'बोरीचा बार' म्हणतात. बघायला लांबून लोक येतात, पोलीस बंदोबस्त लागतो. "तिथं आक्कांचा आवाज ह्या काठावरून त्या काठाला जातो," मेजर म्हणतात, "आणि इथं तिसऱ्या बाकावरून फळ्यापर्यंत पोचत न्हाई."

आजचा धडा महाराष्ट्रातल्या समाजसुधारणेचा. सर फळ्यावर लिहितात: १८४८. भिडेवाडा, पुणे. मग मागे वळून विचारतात, "सावित्रीबाई मूळच्या कुठल्या?"

"नायगाव!" सगळा वर्ग एका सुरात. आता आवाज कमी पडत नाही कुणाचा. नायगाव याच तालुक्यातलं. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला तिथे अलोट गर्दी होती. अंगणवाडीताई जाऊन आल्यात, आणि दहा दिवस झाले तरी त्यांच्या पर्सला तिथला बिल्ला लावलेला आहे. १८३१ चा जन्म, खंडोजी नेवसे पाटलांची लेक, एवढं इथल्या कुठल्याही माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं.

"आणि शिकल्या कधी?"

यावर जरा शांतता. सर सांगतात: लग्न १८४० साली झालं, तेव्हा त्या नऊ वर्षांच्या. माहेरी शाळा नाही. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, जोतीरावांनी शिकवायला घेतल्यावर.

"म्हंजे सासरी शिकल्या," आक्का म्हणतात. आवाज एकदम स्वच्छ.

सर खडू हातात तसाच धरून थांबतात. "हो. सासरीच."

मी बी.ए.ला इतिहास शिकलोय. सावित्रीबाईंवर दोन-चार ठिकाणी भाषणंही ठोकलीत. त्या सासरी शिकल्या हे वाक्य कधी माझ्या तोंडून आलं नाही. माहिती होती, पण ती बातमी आहे, हे कळायला तिसऱ्या बाकावरची सासुरवाशीण लागली.

पुढे सर १८५५ वर येतात. त्या वर्षी जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात शेतकरी आणि कामकरी लोकांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणाऱ्या माणसानं शिकायचं कधी, याचं उत्तर तेव्हाही रात्र हेच होतं. निळा शर्ट आता पूर्ण जागा झालाय. "सर, नाइट स्कूलवाल्यांची नाइट शिफ्ट असली तर?" तो विचारतो. सर म्हणतात, "मग रविवार." हशा.

मुक्त शिक्षणाचं वर्णन करताना 'लवचीक' हा शब्द हटकून येतो. प्रवेशाला वयाची अडचण नाही, रोज वर्गात बसायचं नाही, आपापल्या सोयीनं वाचायचं. शब्द खोटा नाही. १९८९ साली राज्याच्या विधिमंडळानं कायदा करून हे विद्यापीठ काढलं, राम ताकवले पहिले कुलगुरू झाले, आणि 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेऊन पुस्तकं खरोखरच वाड्यावस्त्यांवर पोचली. पुस्तकंही अशी, की शिक्षक समोर नाही हे धरूनच लिहिलेली: घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं, मधेमधे स्वतःला तपासायचे प्रश्न. पण लवचीक असतो तो अभ्यासक्रम. म्हैस लवचीक नसते, शिफ्ट नसते, कांदा तर नसतोच. मग वाकायचं कुणी?

आक्कांचंच घ्या. मधल्या सुट्टीत त्या सांगतात. धोम-बलकवडीच्या कालव्याचं पाणी तालुक्यात आलं तसं लोकांचं पीकपाणी बदललं. यांच्या घरी विहिरीवर मोटर आहे आणि दीड एकर गरवा कांदा आहे. शेतीची वीज एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. रात्रीच्या आठवड्यात मालक आणि आक्का दोघंही रानात. ते दारं धरतात, आणि मोटर बंद पडते का हे बघायला आक्का खोपटात बसतात. तिथे एक बल्ब आहे. "वाचनाला त्योच टाइम. घरी वाचाय बसलं की कुणाला तरी च्या पायजेच असतो. रानात कोण मागतंय?" दिवसाच्या विजेच्या आठवड्यात वाचन बंद. त्यांच्या वाचनाचं वेळापत्रक वीज मंडळ ठरवतं, असं म्हणायला हरकत नाही. आणि परीक्षा उन्हाळ्यात आली, की तेव्हाच कांदा काढणी, मग चाळ भरणं. मागच्या वर्षी एका पेपरला त्या काढणी सोडून गेल्या. घरात आठ दिवस कुणी त्याबद्दल बोललं नाही. "बोललं असतं तर बरं झालं असतं," त्या म्हणतात आणि भाकरीचा तुकडा मोडतात.

डबे बाकांवरच उघडलेत. बाजरीची भाकरी, पावटा, कुणाची भोगीची भाजी दोन दिवस आधीच. अंगणवाडीताई प्रत्येकाच्या हातावर तिळाची वडी ठेवतात. पुढच्या रविवारी त्या येणार नाहीत, हळदीकुंकू आहे म्हणून नव्हे, वरून काम लागलंय म्हणून. पोलिओचा रविवार असो नाही तर सर्वेक्षणाचा, सरकारला माणूस लागला की पहिली आठवते ती अंगणवाडीताई. मुख्य सेविका व्हायचं तर पदवी लागते. सतरा वर्षं बालवाडी चालवली, पोरांची वजनं घेतली, रजिस्टरं लिहिली. आता त्यांच्यावर देखरेख करायला येणारी मुलगी त्यांच्या थोरल्या लेकीपेक्षा लहान आहे. "पोरगी गुणी आहे हो," ताई लगेच म्हणतात. "पण मला 'मावशी' म्हणून सही घेती."

निळ्या शर्टाचं गणित वेगळं. आय.टी.आय. फिटर, अकरा वर्षं एकाच मशीनवर. बी.ए. होऊन मशीनवरचा साहेब होता येत नाही, हे त्याला पक्कं माहीत आहे. "पण स्टोअरला, टाइम ऑफिसला जागा निघाली की खाली लिहिलेलं असतं: ग्रॅज्युएट. कुठला ग्रॅज्युएट, ते लिहिलेलं नसतं."

मेजरांना यातलं काहीच नको. पंधरा वर्षांवर सेवा केलेल्या मॅट्रिक सैनिकाला सरकार काही नोकऱ्यांसाठी पदवीधराच्या बरोबरीचा धरतं. तसा कागद त्यांच्या ट्रंकेत आहे. सध्या ते एका कंपनीच्या गेटवर सुरक्षेला आहेत, पेन्शन चालू आहे. मग हे कशाला? ते डब्याचं झाकण लावतात, पुन्हा उघडतात, पुन्हा लावतात. "तो कागद सरकारनं दिला. बरोबरीचा आहे, असं लिहिलंय त्यात. बरोबरीचा म्हणजे तो नव्हे, एवढं मराठी आपल्याला कळतं."

मला वाटतं, 'मुक्तची पदवी' म्हणताना जे नाक मुरडतात त्यांनी मेजरांच्या शेजारी एक रविवार बसावं. मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरशिक्षणातली पदवी ही नेहमीच्या पदवीच्या बरोबरीचीच धरायची, हे विद्यापीठ अनुदान आयोगाला २०२२ साली पुन्हा जाहीर करून सांगावं लागलं. इथेही तो 'बरोबरीचा' शब्द आहेच. आम्ही रेग्युलरवाल्यांनी तीन वर्षं कँटीनमध्ये काढून जी पदवी घेतली, तिला कुणी कशाच्या बरोबरीची म्हणत नाही. ती नुसती पदवी.

सुट्टीनंतर वेळ्याचा पोरगा शंका काढतो. तो सायन्सचं दुसरं वर्ष अर्धवट सोडून आलाय. ती दोन वर्षं वाया गेली का? सर सांगतात की २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात आता अशी सोय मांडलीय: एक वर्ष पुरं झालं तर प्रमाणपत्र, दोन झाली तर पदविका, तीन झाली तर पदवी. मधेच शिक्षण सुटलं तरी मिळवलेले श्रेयांक खात्यावर जमा राहतात. तशी बँकच काढलीय.

"सोसायटीच्या खात्यागत?" आक्का.

"तसंच."

"याज मिळतं का?"

सरांना याचं उत्तर येत नाही. ते हसून खिडकीबाहेर बघतात. मग म्हणतात, ज्यांच्या नावाचं हे विद्यापीठ, ते यशवंतराव आपल्या शेजारच्याच देवराष्ट्र्याचे. तेव्हा ते गाव सातारा जिल्ह्यात होतं, आता सांगलीत. १९३२ साली शाळेच्या वयात ते चळवळीपायी तुरुंगात गेले. शिक्षण मागे पडलं. बी.ए. झाले ते १९३८ साली, पंचविसाव्या वर्षी.

"पंचीस?" आक्का म्हणतात. "मग पोरगंच की!"

आक्का चोपन्न वर्षांच्या. सातवीत शाळा सुटली, पुढे लग्न. सहा महिन्यांच्या पूर्वतयारी शिक्षणक्रमातून त्या इथे आल्या आणि आता बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहेत. त्यांना हे कुणी सुचवलं, असं विचारल्यावर मला वाटलं होतं लेकीचं नाव सांगतील. त्या सासूबाईंचं नाव घेतात. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावातल्या सगळ्या प्रौढांना साक्षर करायचं, आणि गाव पुरं झालं की ग्रामगौरव समारंभ करायचा, अशी ती योजना. पुढे ती राज्यभर गेली. सासूबाई तेव्हा नव्या नवऱ्या. देवळात कंदिलाखाली पाटी घेऊन बसल्या आणि अक्षरं शिकल्या. समारंभाच्या दिवशी बायकांनी गुढ्या उभारल्या होत्या, असं त्या मरेपर्यंत सांगायच्या. पोथी वाचायच्या, बोट ठेवून, मोठ्यानं.

"मी सातवी शिकलेली, तरी लग्नानंतर पोथी कधी वाचली न्हाई. त्या वाचायच्या, मी भाकरी करायची. शेवटी डोळं गेलं त्यांचं, तवा म्हणल्या, आता तू वाच. वाचाय घेतली तर मला धड जोडाक्षर येईना. म्हातारी आंधळी, पण चुकलं की वळखायची. 'तसं न्हाई ते,' म्हणायची. लई लाज वाटली."

एवढं बोलून त्या गप्प होतात. सरांनी फळ्यावर प्रश्न लिहिलाय: महात्मा फुले यांच्या शैक्षणिक कार्याचा आढावा घ्या. वेळ वीस मिनिटं. हा सरांचा दर रविवारचा शिरस्ता आहे. या माणसांना उत्तर येत नाही असं नाही. परीक्षेत त्यांचा हात मागे पडतो. वर्षानुवर्षं ज्यानं सही आणि यादी यापलीकडे काही लिहिलं नाही, त्याला दुसऱ्या पानावर मनगट दुखायला लागतं.

वीस मिनिटं वर्गात फक्त कागदाची खसखस आणि घाटातल्या ट्रकचा लांबचा घरघराट. निळा शर्ट भराभर लिहितो, अक्षर गेलेलं. मेजर मुद्द्यांना आकडे घालतात, प्रत्येक आकड्याभोवती गोल. ताईंचं अक्षर रजिस्टरचं, एकसारखं. मी उठून हळूच पुढे जातो आणि आक्कांच्या मागे उभा राहतो. त्या आधी ओळीतली सगळी अक्षरं बिनडोक्याची लिहून घेतात. मग पेन उचलून डावीकडे नेतात आणि एका दमात सबंध ओळीवर रेघ ओढतात. मग पुढची ओळ. पेनाचा दाब असा, की मागच्या पानावर बोट फिरवलं तर आंधळ्यालाही लागावं.

सर येऊन थांबतात. "आक्का, मागंही सांगितलं होतं. रेघा ओढण्यात तुमचे दहा मार्क जातात. रेघ नसली तरी चालतं आता."

"चालतं वं. पण अक्षरं उघडी वाटत्यात. डोक्यावर पदर नसल्यावानी."

"तपासणारे बघत नाहीत पदर."

आक्का काही बोलत नाहीत. पुढची ओळ लिहितात. पेन सवयीनं डावीकडे जातं, कागदावर टेकतं, आणि थांबतं. मग उचलून त्या सरळ खालची ओळ सुरू करतात. दोन ओळी तशाच जातात, बिनरेघेच्या. तिसऱ्या ओळीत 'सावित्रीबाई' येतं. तेवढ्या एका शब्दावर त्या रेघ मारतात आणि पुढे जातात.

दोन वाजता सुटतं. मेजर सगळ्यांचे बाक सरळ करतात, कुणी सांगितलेलं नसताना. निळा शर्ट मोटरसायकलला किक मारतो. आज सुट्टी, उद्यापासून दुसरी पाळी. व्हरांड्यात आक्का चपलेत पाय घालतात. मला लोणंदवरून फलटणला जायचंय, म्हणून आम्ही एकाच एसटीत बसतो. गाडीला गर्दी. पोती, पिशव्या, एक कोंबडा. आक्कांना खिडकी मिळते. त्या पिशवीतून आजचा कागद काढतात, सरांचा लाल शेरा लांब धरून वाचतात, घडी करून परत ठेवतात. शेरा काय आहे ते त्या सांगत नाहीत आणि मी विचारत नाही. बाहेर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. त्यांच्यामागे आमची गाडी रांगतेय.

कंडक्टर येतो. आक्का पैसे पुढे करतात. "लोणंद एक." मग एकदम, वर्गात न निघालेल्या आवाजात: "इद्यार्थ्यांचा पास असतोय न्हवं? कुठं काढायचा?"

"नातवासाठी का मावशी?"

"माझा."

कंडक्टर तिकिटाचं यंत्र छातीशी धरून त्यांच्याकडे बघतो. पुढच्या सीटवरच्या दोन बाया मागे वळतात. "तुम्हाला कशाला पास?" तो म्हणतो. "बायकांना अर्धं तिकीट आहेच की आता."

"ते बाई म्हणून," आक्का म्हणतात. "इद्यार्थी म्हणून काय हाय?"

यंत्रातून तिकीट निघतं. कंडक्टर ते फाडतो, पण हातातच ठेवतो. "कितवीला?"

"बी.ए. थर्ड इयर."

तो मान हलवतो, तिकीट त्यांच्या हातात देतो. "आगारात विचारतो," म्हणतो, आणि गर्दीतून वाट काढत पुढे जाताना ड्रायव्हरला ओरडून काहीतरी सांगतो. ते ट्रॅक्टरच्या आवाजात आम्हाला ऐकू येत नाही.